जोड हिंदुराव

वडगाव निंबाळकरच्या द्वारकाबाईंना लिहितावाचता चांगलं येत होतं, तरी दूध सोसायटीत त्या अंगठा उठवायच्या. सेक्रेटरीला वाटायचं, बाई अडाणी आहे. बाई चौथी पास होत्या आणि पोरांची दप्तरं चाळून चाळून त्यांचं वाचन सेक्रेटरीपेक्षा बरं होतं. पण सही करायची म्हणजे पूर्ण नाव लिहायचं, आणि पूर्ण नावाच्या मधोमध नवरा ठाण मांडून बसलेला. जे तोंडानं घ्यायचं नाही ते हातानं तरी कसं घ्यायचं? लग्नात उखाण्यात घेतलं होतं, मग ओटीभरणाला, बारशाला, कुणी फारच अडवून धरलं तर हळदीकुंकवाला. तेवढीच सूट. एरवी ‘मालक’, ‘हे’, नाहीतर ‘दीपकचे आबा’. मग काय, शाई लावून घ्यायची, अंगठा उठवायचा, पदराला पुसायचा आणि घरची वाट धरायची.

अशा बाईंच्या ओसरीत त्यांच्या दीपकनं कॉम्प्युटर आणून ठेवला. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. गावात तेव्हा टीव्ही रंगीत झाले होते, फोनही आले होते, पण कॉम्प्युटर म्हणजे बारामतीच्या बँकेत काचेमागं ठेवायची वस्तू. दीपक लोणी देवकरच्या एका कारखान्यात मशिनांची देखभाल करायचा, तिथंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला मोटरसायकलवरून घरी यायचा. कारखान्यानं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं उचलला, पोत्यात गुंडाळून आणला आणि घरातल्या कामांना जुंपला.

म्हणजे केलं असं, की कॉम्प्युटरच्या पाठीतून वायरी काढल्या आणि त्या नेल्या एक विहिरीवरच्या मोटरीला, एक गोठ्यातल्या पंख्यांना, एक अंगणातल्या दिव्यांना आणि एक दारावरच्या घंटेला. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटायची. आईसाठी म्हणून मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड त्यानं पुण्याहून आणून आत बसवलं होतं, आणि प्रत्येक बटणावर डिंकानं कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, क, ख, ग.

“आई, ह्यो मुख्य प्रोग्रॅम हाय, त्याला स्वतःला काय कळत न्हाय,” दीपकनं समजावलं होतं. “दर कामाचा येगळा बारका प्रोग्रॅम. त्याला मॉड्यूल म्हणायचं. ‘जोड’ लिहायचं, म्होरं त्याचं नाव लिहायचं, की ते काम चालू. नको झालं की ‘काढ’. कोण कोण जोडलंय बघायचं तर ‘यादी’.”

“आन लाईट गेली की?”

“मग ते समदं इसरतंय. लाईट आली की परत एकेक जोडायचं.”

लाईट तर दिवसातून हव्या तितक्या वेळा जायची. पण द्वारकाबाईंना ते कठीण वाटलं नाही. घरातल्या माणसांनाही रोज नव्यानंच सगळं सांगावं लागतं, त्यात हे एक.

आईला नावं लक्षात राहावीत म्हणून दीपकनं मॉड्यूलना घरातल्यांची नावं दिली. पोरगं हुशार, पण पोरगंच. घंटा म्हणजे ‘साखरबाई’, कारण वारलेली आजी साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायची. अंगणातले दिवे म्हणजे ‘सुप्रिया’, कारण इंदापूरला दिलेली बहीण लहानपणी अंधाराला भ्यायची. गोठ्यातले पंखे म्हणजे ‘द्वारका’, कारण जर्सी गाई आईखेरीज कुणाला जुमानत नव्हत्या. आणि विहिरीवरची मोटर, घरातलं सगळ्यात ताकदीचं काम, ती अर्थातच ‘हिंदुराव’.

पहिल्या दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं करून दाखवलं. ‘जोड हिंदुराव’ लिहिलं, विहिरीवर मोटर गुरगुरली आणि अंगणातल्या हौदात पाणी पडलं. मग ‘काढ हिंदुराव’ लिहिलं. पाणी थांबलं आणि काचेवर अक्षरं आली, ‘हिंदुराव काढला.’ द्वारकाबाईंनी मनातल्या मनात कुलदैवताला हात जोडले आणि बाजेवर पानाला चुना लावत बसलेल्या नवऱ्याकडं एकदा नीट बघून घेतलं.

हिंदुरावांचं म्हणाल तर त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, “त्या डबड्याला मी हात लावणार न्हाय. माझं माझ्या हातानं चाललंय.” पण पारावर बसले की तेच सांगायचे, “पाच हॉर्सपॉवर माझ्या नावावर हाय. नुसतं नाव लिहायचा उशीर, पाणी हजर.” त्यामुळं मोटरीचं नाव बदल असं पोराला म्हणायची सोय राहिली नाही. नवऱ्याचा एवढा मोठा आनंद कोण हिरावून घेणार? आणि म्हणायचं तरी कसं? कुठलं नाव बदलायचं हे सांगायला ते नाव घ्यावं लागणारच होतं.

तेव्हा द्वारकाबाईंनी आपला मार्ग काढला. सकाळी लाईट आली की त्या कॉम्प्युटरसमोर बसत. ‘जोड साखरबाई.’ ‘जोड सुप्रिया.’ ‘जोड द्वारका’ लिहिताना थोडं हसू येई, पण स्वतःचं नाव घ्यायला बंदी कुठं आहे. मग शेणाची पाटी नाहीतर खरकट्याची बादली उचलून त्या मागच्या दारानं विहिरीवर जात, स्टार्टरचं हिरवं बटण दाबत आणि काही न झाल्यासारख्या परत येत. हौद भरे. हिंदुराव बाजेवरून समाधानानं मान हलवत. सगळं सुरळीत चाललं होतं, फक्त दीपकला ते ठाऊक नव्हतं.

“आई, मोटरीचं मॉड्यूल येकदाबी जोडलेलं दिसत न्हाय,” सुट्टीला आल्यावर त्यानं विचारलं.

“ते घेत न्हाय बाबा,” द्वारकाबाई म्हणाल्या. तोंडातून गेलं ते गेलं.

आणि मग दीपकची जी दशा झाली ती विचारू नका. त्याच्या हातानं मॉड्यूल झटक्यात जोडलं जायचं, आईच्या हातानं घेत नव्हतं. त्यानं प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. वायर बदलली. बटणं खोलून साफ केली. आईचे हात पिठाचे असतील म्हणून साबणानं धुवायला लावले. “आता माझ्यासमोर कर बघू,” म्हणाला, की नेमकं दूध उतू जायचं, नाहीतर गाय दावं तोडायची, नाहीतर शेजारची सारजा विरजण मागायला यायची. महिना गेला, दुसरा गेला. दर सुट्टीला पोरगं डोळे लाल होईस्तोवर त्या नसलेल्या दोषाचा शोध घेत बसलेलं. आई त्याला चहा करून द्यायची आणि विहिरीवर जाऊन बटण दाबून यायची.

हे नुसतं हसण्यावारी जाणारं असतं तर गोष्ट इथंच संपली असती. पण दीपकला बंगळूरच्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलं होतं. त्याचा स्वतःचा विचार वेगळा होता. बारामतीत गाळा घ्यायचा आणि गोठेवाल्यांना, पोल्ट्रीवाल्यांना अशाच जोडण्या करून द्यायच्या. निरवांगीचे दादासाहेब त्याला कुठंतरी भेटले होते. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. दादासाहेबांनी कोंबड्यांच्या लांबच लांब शेड उभ्या केल्या होत्या. उन्हाळ्यात पंखे नि पाण्याचे फवारे वेळेवर चालले नाहीत तर पक्षी पटापट मरत. ते म्हणाले होते, तुझ्या घरी येऊन बघतो, पटलं तर माझ्या सगळ्या शेडचं काम तुला. ते काम मिळालं तर गाळा आणि पोरगं घरी. नाही तर बंगळूर. दीपकनं तसं सरळच सांगितलं होतं, आणि हिंदुराव “जाऊ दे की, पोरगं मोठं हुतंय,” असं म्हणून त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठले होते.

दादासाहेब रविवारी आले. जीपमधून उतरले, पायातल्या वहाणा काढल्या, ओसरीवर बसून बशीत चहा ओतून घेतला. धिप्पाड माणूस, बोलणं सावकाश. आणि दीपकचा पत्ता नाही. कारखान्यात त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता, त्यामुळं पाळी सोडून त्याला हलता येईना. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला, तो द्वारकाबाईंनी उचलला. दादासाहेबांना जरा थांबवून ठेवा, संध्याकाळपर्यंत येतो, असं तो म्हणत होता.

“थांबतो कशाला, मला बारामतीत लग्नाला जायचंय,” द्वारकाबाईंनी निरोप सांगितला तसे दादासाहेब फोनमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “आन तू नसलास तेच बरं झालं. इंजिनियरनं चालवून दाखवलं तर त्यात नवल कसलं? माझ्या शेडवर चालवणार आमची मंडळी. घरच्या माणसाला जमतंय का ते मला बघायचंय. व्हय का न्हाय, हिंदुराव?”

हिंदुरावांनी मान हलवली आणि बायकोकडं पाहिलं. द्वारकाबाईंनी फोन तसाच बाजूला उपडा ठेवला, पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या.

लाईट नुकतीच जाऊन आलेली, म्हणजे कॉम्प्युटर कोरा. त्यांनी ‘जोड साखरबाई’ लिहिलं. दारावरची घंटा अशी वाजली की दादासाहेबांचा ड्रायव्हर जीपमधून खाली उतरला. ‘जोड सुप्रिया’ लिहिलं. भर दुपारी अंगणातले दिवे लागले. दादासाहेबांनी बशी खाली ठेवली.

“भले,” ते म्हणाले. “आता मोटर दावा.”

द्वारकाबाईंचे हात बटणांवर थांबले. “आलेच,” असं म्हणून त्यांनी सवयीनं खरकट्याची बादली उचलली.

“हिरीकडं निघालाव व्हय? चला, मीबी येतो. हीर तरी बघू,” म्हणत दादासाहेबही उठले.

द्वारकाबाईंनी बादली खाली ठेवली. “न्हाय, न्हाय, म्हशीला टाकायचं हुतं, मागनं टाकते,” त्या म्हणाल्या. घरात म्हैस नव्हती. हिंदुरावांच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांची पान चघळणारी दाढ थांबली.

बाजूला ठेवलेल्या फोनमधून दीपकची बारीक हाक येत होती. द्वारकाबाईंनी तो कानाला लावला.

“आई, मोटर दावू नगंस,” दीपक म्हणत होता. त्याचा आवाज अगदीच उतरला होता. “त्यात दोष हाय आन मला तो घावत न्हाय. दोन म्हयनं झालं. जे घरात चालत न्हाय ते मी लोकास्नी कुठल्या तोंडानं द्यावं? दादासायबास्नी सांग, न्हाय जमलं म्हणून. मी उद्या बंगळूरला व्हय म्हणून कळवतो.”

द्वारकाबाईंना भडभडून आलं. पोरगं हरलं होतं, आणि त्याला हरवलं होतं त्यांनी, एका नावापायी. अंगठा उठवताना कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथं पोरगं चाललं होतं परमुलखात, जिथं जेवायला बसताना ‘आई, अजून एक’ म्हणायचं तरी कुणाला. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, बंद न करता.

“भावजी,” त्या दादासाहेबांना म्हणाल्या, “दोष मशिनीत न्हाय. माझ्यात हाय. मोटरीला पोरानं ह्यांचं नाव ठिवलंय. मी आजवर ते लिवलंच न्हाय. रोज हिरीवर जाऊन हातानं बटाण दाबत हुते.”

हिंदुराव बाजेवर ताठ झाले. पारावर त्यांनी जी काय फुशारकी मारली होती ती सगळी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार.

दादासाहेब मात्र खाली मान घालून गालात हसत होते. “वैनी, आमच्या घरीबी हीच तऱ्हा हाय,” ते म्हणाले. “पर मग ह्याला उपाय ठरलेला हाय की. उखाण्यात घ्या. उखाण्यात घेतलेलं चालतंय.”

द्वारकाबाई लाजल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, सुना-नातवंडांची वाट बघायचं वय, पण गालावर लाली आली ती आलीच. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, एक बोट पुढं केलं आणि नेहमीच्या हळदीकुंकवाच्या सुरात म्हटलं,

“काळ्या काचेवर हिरवी अक्षरं, लाईट येते-जाते,
हिंदुरावांचं नाव घेते, मोटर चालू करते.”

आणि घेता घेता लिहिलं. ‘ह’ला वेलांटी, वर टिंब, ‘द’ला उकार, मग ‘राव’. त्या नावाची अक्षरं त्यांनी जन्मात पहिल्यांदा जुळवली, तरी एकही चुकलं नाही. शेवटचं बटण दाबलं. काचेवर आलं, ‘हिंदुराव जोडला.’ विहिरीवर मोटर गुरगुरली आणि हौदात पाणी धो धो पडायला लागलं.

फोनमधून दीपकचं हसू ऐकू आलं. हसता हसता तो नुसताच “आई, आई गं” म्हणत राहिला.

दादासाहेबांनी उठून हौदात हात बुडवला, ओला हात तोंडावरून फिरवला. खूश होते. पण व्यवहाराला पक्का माणूस. परत येऊन बसले आणि म्हणाले, “वैनीला जमलं. त्या तर दोन म्हयनं बसत्यात. आता ज्यानं कधीच हात लावला न्हाय त्यानं लावून दावावा. माझ्या शेडवरचा गडी गेणबा, त्योबी तसलाच हाय. हिंदुराव, उठा. गोठ्यातलं पंखं लावा, मग मी पोराला आज हितनंच व्हय म्हणतो.”

आता हिंदुरावांची पंचाईत. डबड्याला हात लावणार नाही असं त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं. पण फोन टेबलावर उघडा होता आणि त्यात पोरगं श्वास रोखून ऐकत होतं. हिंदुरावांनी पानाची पिंक टाकली, धोतराला हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्चीत येऊन बसले.

‘जोड’ त्यांनी बरंच हुडकून लिहिलं. मग थांबले. बोट बटणांवरून नुसतंच फिरत राहिलं.

“घावंना का?” दादासाहेबांनी विचारलं. “द हितं हाय, ह्यो.”

“दिसतंय मला,” हिंदुराव म्हणाले.

दिसत होतंच. द्वारकाबाई मागं उभ्या होत्या आणि त्यांना एकाएकी सगळं उमगलं. डबड्याचा राग वगैरे काही नव्हतं. गोठ्यातले पंखे लावायचं काम आधी हिंदुरावांचं असायचं, आणि कॉम्प्युटरवर पंख्यांचं नाव पडलं द्वारका. लग्न होऊन आल्यापासून या माणसानं ‘अगं’ म्हटलं होतं, ‘ऐकलं का’ म्हटलं होतं, दीपक झाल्यावर ‘दीपकची आई’ म्हटलं होतं. आजारपणात दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा ‘आमच्या घरातलं माणूस’ असं म्हणून डॉक्टरला घाम फोडला होता. बायकांना उखाण्याची सूट तरी असते. या बाप्याला लग्नात घास भरवताना घेतलेल्या त्या एका उखाण्यानंतर तीही मिळाली नव्हती.

हिंदुरावांनी ‘द’ दाबला. “ह्याचा पाय कसा मोडायचा?” त्यांनी विचारलं, मागं न बघता.

“त्यो बघा, कोपऱ्यात, पाय मोडायचं बटाण,” द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी पाय मोडला. ‘व’ लावला, त्याला काना दिला. ‘र’, मग ‘क’. शेवटी आणखी एक काना. नाव पुरं झालं तसं ते काचेवर हिरवंगार उभं राहिलं, आणि हिंदुराव हातातलं काम विसरून त्याच्याकडं बघत बसले. द्वारकाबाईही बघत होत्या. आपलं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं रोज लिहिलं होतं, पण आज ते काही वेगळंच दिसत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“म्होरचं बटाण दाबा की आता,” दादासाहेब म्हणाले. “गाई उकाड्यानं मेल्या.”

हिंदुरावांनी बटण दाबलं. ‘द्वारका जोडली,’ असं आलं आणि गोठ्यात पंखे फिरायला लागले. दादासाहेबांनी फोन उचलून दीपकला सांगितलं, “पोरा, काम तुझं. फकस्त आमच्याकडं घरातल्यांची नावं नगंत. कोंबड्यांची ठिव, न्हायतर माझी मंडळी मला उपाशी मारंल.”

अंधार पडता पडता दीपक घरी पोचला. आईच्या पाया पडला, वडिलांच्या पडला आणि बंगळूरचं नाव काही कुणी काढलं नाही. द्वारकाबाईंनी त्याला भाकरीवर भाकरी वाढली. जेवताना लाईट गेली. घरात कंदील लागला, आणि थोड्या वेळानं लाईट आली तेव्हा कॉम्प्युटर नेहमीसारखा सगळं विसरून कोरा बसलेला.

“दादासायबांच्या शेडवर ह्ये असं चालायचं न्हाय,” दीपक हात धुता धुता म्हणाला. “लाईट आली की समदी मॉड्यूलं आपली आपण जोडली जातील असं करणार हाय. दोन वळींचं काम हाय. आधी आपल्या घरात करून टाकतो. रोज रोज नावं लिवायचा ताप नगं तुमाला.”

“नगं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“नगं,” बाजेवरून हिंदुरावही म्हणाले, आणि चष्मा शोधत उठले.